स्टेशनाखालचं 'हेवन'

गुरुवार : टॉटनहॅम कोर्ट रोड

हीथ्रोहून एलिझाबेथ लाइन थेट टॉटनहॅम कोर्ट रोडला आणून सोडते, त्यामुळे प्रवासाबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही. भाचा घ्यायला आला होता. सरकत्या जिन्याने वर आलो. घरची वाट धरण्याआधी त्याने मला कोपऱ्यावरच्या एका नव्याकोऱ्या थिएटरसमोर नेऊन उभं केलं. "मावशी, सुरुवात इथून कर," तो म्हणाला. "ती जागा आता नाही, पण ती होती हे आधी कळायला हवं."

जुन्या नाट्यगृहांवर मी बरीच वर्षं लिहिते आहे. कोणतं थिएटर कुणी बांधलं, त्याचं छप्पर कधी गळायला लागलं, ते कुणी आणि का विकलं, यात मला मनापासून रस आहे. भाच्याला हे ठाऊक. तो गे आहे हे घरात सगळ्यांना माहीत होऊनही बराच काळ लोटला. मागे एकदा फोनवर तो म्हणाला, "इतकी थिएटरं बघत हिंडतेस, एकदा आमच्याही जागा बघ ना." ते मला आतपर्यंत लागलं. म्हणून निघाले.

आम्ही उभे होतो तिथे 'अस्टोरिया' होतं. मुळात लोणच्याचं गोदाम, १९२७ मध्ये त्याचं सिनेमागृह झालं, पुढे गाण्याच्या मैफलींचं ठिकाण. नव्वदच्या दशकापासून आठवड्यातल्या काही रात्री इथे 'जी-ए-वाय' नावाने गे मंडळींची गर्दी जमायची. मोठमोठे पॉप गायक त्या मंचावर येऊन गेले. मग लंडनला पूर्व-पश्चिम जोडणारी नवी रेल्वे आखली गेली, स्टेशनासाठी जागा लागली, आणि २००९ मध्ये अस्टोरिया पाडलं. ज्या एलिझाबेथ लाइनने मी आरामात आले, ती त्याच रेल्वेची. पाडापाडीच्या आधीच, २००८ मध्ये, जी-ए-वायने बाडबिस्तरा उचलला आणि रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, चेरिंग क्रॉस स्टेशनाच्या पोटातल्या 'हेवन' या गे नाइटक्लबमध्ये मुक्काम हलवला.

त्या हेवनसाठीच मी आले होते. डिसेंबर १९७९ पासून तो क्लब एकाच जागी आहे. रात्रीच्या धंद्यात इतकी वर्षं एका छपराखाली काढणं किती अवघड आहे, हे नाट्यगृहं चालवणाऱ्या कुणालाही विचारा.

घरी भाच्याच्या जोडीदाराने टोमॅटोचं सूप आणि चीज भाजलेला पाव तयार ठेवला होता. बाहेर बारीक पाऊस. नऊ वाजता मी गाढ झोपले.

शुक्रवार : किंग्ज क्रॉस, मार्चमॉन्ट स्ट्रीट, सोहो

सकाळी ग्रॅनरी स्क्वेअरमधल्या 'क्विअर ब्रिटन' या संग्रहालयात गेलो. २०२२ मध्ये उघडलेलं हे ब्रिटनमधलं एलजीबीटी (लेस्बियन, गे, बायसेक्शुअल, ट्रान्सजेंडर) इतिहासाचं पहिलं कायमस्वरूपी संग्रहालय. जागा छोटी, प्रवेश मोफत. बाहेर चौकात जमिनीतून कारंजी उडतात आणि थंडी असली तरी पोरं त्यात भिजत असतात. आठवड्याच्या सुरुवातीला संग्रहालय बंद असतं, तेव्हा दिवस पाहून जा.

कायद्याचा इतिहास तिथे नीट समजला. १९६७ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये २१ वर्षांवरच्या दोन पुरुषांचे खाजगीतले संबंध गुन्ह्याच्या यादीतून निघाले. पण 'खाजगी'ची व्याख्या अशी आवळलेली की घरात तिसरं माणूस हजर असलं तरी ते खाजगी राहत नसे. २००० साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने ही अट चुकीची ठरवली, तोवर ती चालू होती. म्हणजे हेवनच्या नाचघरात हजारभर पुरुष एकमेकांच्या गळ्यात हात टाकून नाचत होते, त्या काळातली निम्मी वर्षं कायदा त्यांच्या शयनघराच्या दारात उभा होता. नाचघराचं मोल मला तिथे कळायला लागलं.

बायकांच्या जागांबद्दलही मी विचारत राहिले. चेल्सीमधला 'गेटवेज' हा तळघरातला क्लब १९३१ ते १९८५ चालला आणि त्याचा बराचसा काळ तो लेस्बियन स्त्रियांचा हक्काचा अड्डा होता. एक साधं हिरवं दार, खाली उतरणारा जिना, आणि आत ऑफिसातून थेट आलेल्या बायका. त्याच्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा, इथे घाईने लिहून त्याच्यावर अन्याय करत नाही.

दुपारी चालत मार्चमॉन्ट स्ट्रीटवर 'गेज द वर्ड' या पुस्तकाच्या दुकानात. जानेवारी १९७९ मध्ये हे दुकान उघडलं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात हेवन. एका टोकाला पुस्तकं, एका टोकाला नाच. एप्रिल १९८४ मध्ये कस्टम्सच्या लोकांनी या दुकानावर धाड घालून परदेशातून आलेली पुस्तकं जप्त केली, दुकान चालवणाऱ्यांवर खटला भरला. पैसा लोकांनी उभा केला, लेखक मदतीला आले आणि १९८६ मध्ये खटला मागे घेतला गेला. दुकान आजही चालू आहे. काउंटरवरच्या मुलाने मी काय शोधते आहे ते शांतपणे ऐकून घेतलं आणि एकदम तीन कपाटं दाखवली. पिशवी जड झाली.

संध्याकाळी सोहो. बार इटालियात उभ्या-उभ्या कॉफी घेतली. १९४९ पासून ते तिथे आहे आणि कॉफी अजून कडक. मग ओल्ड कॉम्प्टन स्ट्रीटवरचा 'अ‍ॅडमिरल डंकन' हा गे पब. ३० एप्रिल १९९९, शुक्रवारची संध्याकाळ, जोडून सुट्टी आलेली, पब भरलेला. एका नवनाझी तरुणाने खिळे भरलेला बॉम्ब ठेवला. तीन माणसं गेली, त्यातली एक गरोदर होती. सत्तरच्या वर लोक जखमी झाले, काहींचे हातपाय गेले. पब त्याच वर्षी पुन्हा उघडला. आत छताला त्यांच्या आठवणीतलं दिव्यांचं झुंबर आहे. आम्ही गेलो तेव्हा त्याच्या बरोबर खाली कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक कापणं चाललं होतं. एका बाईने कागदी रुमालात गुंडाळून मलाही तुकडा आणून दिला.

तिथेच भाच्याच्या जोडीदाराने मला एक आकडा सांगितला. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या अभ्यासकांनी मोजदाद केली, तर २००६ मध्ये लंडनमध्ये अशा १२५ जागा होत्या, २०१७ मध्ये ५३ उरल्या. अकरा वर्षांत निम्म्याहून जास्त गेल्या. धाडी थांबल्या होत्या, कायदा बाजूने आला होता, आणि तरी जागा जात होत्या. कारणं भाडं, पुनर्विकास, वर बांधलेल्या फ्लॅटमधल्या रहिवाशांच्या तक्रारी. नाट्यगृहांच्या बाबतीत हीच यादी मी कितीदा लिहिली आहे.

शनिवार : व्हिलियर्स स्ट्रीट, आणि रात्री हेवन

कोणतीही जागा आधी दिवसाउजेडी पाहावी, हा माझा नियम. सकाळी स्वच्छ ऊन पडलं होतं. चेरिंग क्रॉस स्टेशनाच्या कडेने व्हिलियर्स स्ट्रीट नदीकडे उतरत जाते. थेम्सच्या काठाने बांध घालण्यापूर्वी पाणी पार इथपर्यंत यायचं. खालच्या बागेत यॉर्क वॉटरगेट नावाची दगडी कमान आहे, तिच्या पायऱ्यांशी एके काळी होड्या लागत. आता तिच्या आणि नदीच्या मध्ये हिरवळ आहे, रस्ता आहे आणि भुयारी रेल्वे आहे.

याच गल्लीत ४३ नंबरच्या घरात रडयार्ड किपलिंग १८८९ ते १८९१ राहायचा. मुंबईच्या जेजे स्कूलच्या आवारात जन्मलेला माणूस इथे राहून लिहीत होता, हे निळ्या पाटीवर वाचून मी थबकले. शेजारीच 'गॉर्डन्स' हा १८९० पासूनचा तळघरातला वाइन बार. छत इतकं खाली की उंच माणसाने वाकूनच चालावं. मेणबत्त्यांच्या उजेडात चीजची थाळी घेतली. दुपारी बारापूर्वी गेलात तर बसायला मिळेल, नंतर आशा सोडा.

आणि मग स्टेशनाखालून जाणारा तो बोळ. चेरिंग क्रॉस स्टेशन १८६४ मध्ये सुरू झालं. जमीन नदीकडे उतरती, म्हणून रूळ वर उचलून धरायला विटांच्या कमानी बांधल्या. त्या कमानींच्या पोटातली जागा म्हणजे हेवन. दिवसा तिथे पाहण्यासारखं काही नाही : बंद दार, कडेला बिअरची रिकामी पिंपं, एक माणूस पाण्याचा पाइप लावून फरशी धूत होता. मी कमानीच्या विटांवर हात ठेवला. वरून गाडी गेली तेव्हा तळहाताला बारीक थरथर जाणवली.

इथे आधी चाकाच्या बुटांवर नाचायचं डिस्को होतं. ते जेरेमी नॉर्मनने घेतलं. हा माणूस ब्रिटिश उमरावांच्या वंशावळी छापणाऱ्या 'बर्क्स पिअरेज'चा प्रमुख होता आणि लंडनच्या श्रीमंत वस्तीत 'एम्बसी' नावाचा क्लब चालवत होता. त्याआधी चेरिंग क्रॉस रोडवर १९७६ पासून 'बँग' नावाची गे डिस्को रात्र भरायची, पण ती दुसऱ्याच्या जागेत. एरवी गे माणसांच्या वाट्याला पबची मागची खोली आणि काळ्या काचांचं तळघर यायचं. नॉर्मनने शहराच्या मधोमध, ट्रॅफल्गर स्क्वेअरपासून चार पावलांवर, हजाराहून जास्त माणसं मावतील असं नाचघर उभं केलं. उत्तम ध्वनियंत्रणा बसवली, लेझर लावले. लपायचं नाही, मोठ्या जागेत मोठ्या संख्येने एकमेकांना पाहायचं. त्या काळातल्या तरुण मुलाला 'आपल्यासारखे इतके आहेत' हे पहिल्यांदा इथे दिसलं असेल.

संगीताच्या बाजूने पाहिलं तर हेवनचं ऋण सगळ्याच नाचणाऱ्या जगावर आहे. सुरुवातीचा डीजे इयन लव्हिन. अमेरिकेतलं डिस्को उतरणीला लागलेलं असताना त्याने त्याची लय वाढवली, यंत्रांचे ठोके वर आणले आणि 'हाय-एनर्जी' हा प्रकार रुजवला. ब्रिटनच्या ऐंशीच्या दशकातल्या पॉपचा मोठा भाग त्याच ठोक्यावर उभा आहे. १९८२ मध्ये हेवन रिचर्ड ब्रॅन्सनच्या व्हर्जिनने विकत घेतलं. १९८८ मध्ये डीजे पॉल ओकनफोल्डने इथे सोमवारी 'स्पेक्ट्रम' नावाची नाचरात्र सुरू केली आणि अ‍ॅसिड हाउस या नाचसंगीताच्या लाटेत सगळ्या प्रकारची तरुण मुलं या गे क्लबच्या दारात रांगा लावू लागली. पुढे गुरुवारच्या 'रेज'मध्ये फॅबिओ आणि ग्रूव्हरायडर यांनी तबकड्यांची गती वाढवत नेली, त्यातून जंगल आणि ड्रम अँड बेस या वेगवान संगीतप्रकारांची वाट निघाली. गे माणसांनी आपल्यासाठी उभारलेल्या जागेत बाकीच्या शहराचं संगीत वाढलं. हे श्रेय त्यांना मोकळ्या मनाने फारसं दिलं जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

रात्री अकराला आम्ही रांगेत उभे राहिलो. वारा बोचरा होता, पण रांग हसती. दारावर बॅगा उघडून पाहतात, अंगझडतीही होते, आणि कुणी नाक मुरडत नाही. माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून दारावरचा माणूस म्हणाला, "बाईसाहेब, आत जिना जरा सांभाळून."

आत पाऊल टाकलं आणि आधी ठोका छातीत आला, मग कानात. मुख्य दालन म्हणजे एक लांबलचक कमान. विटांचं गोल छत दिव्यांनी निळं व्हायचं, मग लाल, मग एकदम काळं. मंचावर ड्रॅगमधली, म्हणजे भडक स्त्रीवेश केलेली, कलाकार पाच मिनिटांत सगळ्या गर्दीला मुठीत घेऊन गेली. मी भिंतीला टेकून छत पाहत होते, आवाज परत कसा येतो ते ऐकत होते. कमानीमुळे ठोका घुमत नाही, वरून अंगावर पडतो. दोन वाजेपर्यंत मीही नाचले.

पाणी प्यायला कोपऱ्यात थांबले असताना भाच्याला मराठीत काहीतरी ओरडून सांगितलं, तर शेजारचा मुलगा गर्रकन वळला. "काकू, तुम्ही मराठी?" नागपूरकडचा होता, शिकायला आलेला. अशा ठिकाणी यायची त्याची पहिलीच वेळ. मराठी ऐकून तो आधी घाबरला, घरच्यांच्या ओळखीचं कुणी निघालं की काय म्हणून. मी कोण आणि कुणाबरोबर आले आहे ते सांगितल्यावर बराच वेळ भाच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहत राहिला. मग म्हणाला, "तुमच्या घरी चालतं?" मी म्हटलं, "चालायला वेळ लागला. आता चालतं." त्याने माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. फोटो काढायचा नाही, हे त्याने न सांगताही आम्हाला समजलं. भाच्याने त्याला आपला नंबर दिला.

जाणाऱ्यांसाठी : तिकीट आधीच ऑनलाइन काढा, रांग अर्धी होते. मूळ ओळखपत्र लागतं, आपल्याकडच्यांसाठी पासपोर्ट. कोट ठेवायला पैसे पडतात, पण ठेवाच, आत उकडतं. रोख पैशांची गरज सहसा पडत नाही. शुक्रवार-शनिवार रात्रभर भुयारी रेल्वे चालू असते, नॉर्दर्न लाइन चेरिंग क्रॉसवरून जाते. इतर दिवशी रात्रीची बस. कानात घालायचे बोळे बरोबर ठेवा. आणि कुणाचेही फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

रविवार : नदीकाठाने व्हॉक्सहॉल

उशिरा उठलो. हा दिवस मी एका माणसासाठी राखून ठेवला होता.

टेरेन्स हिगिन्स, ज्याला सगळे टेरी म्हणत. वेल्समधला मुलगा, काही काळ नौदलात होता. लंडनला आल्यावर दिवसा संसदेत भाषणांची नोंद ठेवणाऱ्या हॅन्सार्डमध्ये काम करायचा आणि रात्री हेवनच्या बारवर. १९८२ मध्ये हेवनमध्येच तो कोसळला. त्याला सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये नेलं, आणि ४ जुलैला तो गेला. ३७ वर्षांचा होता. ब्रिटनमध्ये एड्सने गेलेल्या पहिल्या काही जणांपैकी तो एक. त्या आजाराला तेव्हा धड नावही मिळालेलं नव्हतं. त्याचा जोडीदार रुपर्ट व्हिटेकर, मित्र मार्टिन बटलर, टोनी कॅल्व्हर्ट आणि इतरांनी त्याच्या नावाने संस्था काढली. लोकांना निदान माहिती मिळावी, इतक्या साध्या हेतूने. पैसे उभे करायला हीच मंडळी हेवनच्या मंचावर आली. टेरेन्स हिगिन्स ट्रस्ट आजही एचआयव्हीवर काम करतो.

हेवनच्या दारापासून आम्ही चालायला लागलो. नदीकाठाने डावीकडे पाणी ठेवत गेलं की पंधरा-वीस मिनिटांत संसद येते, आणि वेस्टमिन्स्टर पूल ओलांडला की सेंट थॉमस. त्याची दिवसाची नोकरी, रात्रीची नोकरी आणि शेवटचा बिछाना, सगळं या एवढ्याशा वाटेवर. पुस्तकात वाचून हे कळलं नव्हतं. पुलावर वारा इतका होता की बोलणं शक्य नव्हतं, तेही बरंच झालं.

हॉस्पिटलच्या नदीकडच्या भिंतीवर लाल बदामांची रांग आहे, अर्धा किलोमीटर तरी असेल. कोविडमध्ये गेलेल्यांसाठी लोकांनी २०२१ पासून रंगवलेले बदाम, आत नावं आणि तारखा. ऊन-पावसाने रंग फिका पडतो, मग स्वयंसेवक पुन्हा गिरवतात. आम्ही गेलो तेव्हा एक बाई गुडघ्यावर बसून ब्रश चालवत होती. भाच्याने सांगितलं की त्याच साथीच्या काळात, ऑगस्ट २०२१ मध्ये, हेवनमध्ये लसीकरण केंद्र उघडलं होतं. लोक आपल्या नाचायच्या जागी रांगेत उभे राहून दंड पुढे करत होते. एड्सची लस मात्र आजही नाही, हे मी त्या भिंतीपाशी उभी राहून आठवत होते.

लॅम्बेथ पॅलेसवरून तसंच पुढे गेलं की व्हॉक्सहॉल. वाटेत भूक लागली. या भागात पोर्तुगीज वस्ती मोठी आहे. साउथ लॅम्बेथ रोडवर कोणत्याही पोर्तुगीज बेकरीत शिरा आणि गरम नाता मागा : पापुद्र्याचं कवच, आत अंड्याचा दाट गोड लगदा, वर काळसर डाग पडेपर्यंत भाजलेला. मी दोन खाल्ले आणि तिसरा पिशवीत टाकला.

'रॉयल व्हॉक्सहॉल टॅव्हर्न' ही आता एकटी उभी असलेली, पुढून गोलाकार इमारत आहे. आजूबाजूची सगळी वस्ती पडली, ही राहिली. इथे पूर्वी व्हॉक्सहॉलच्या प्रसिद्ध करमणुकीच्या बागा होत्या, त्या १८५९ मध्ये बंद झाल्या आणि त्यांच्या जागेवर हा पब आला. दुसऱ्या महायुद्धानंतर इथे ड्रॅगचे कार्यक्रम होऊ लागले. पूर्वी बारच मंचासारखा वापरायचे, कलाकार पेले चुकवत त्यावरून चालायचे. पॉल ओ'ग्रेडी 'लिली सॅव्हेज' बनून ऐंशीच्या दशकात कित्येक वर्षं इथे उभा राहिला. जानेवारी १९८७ मध्ये पोलिसांनी धाड घातली ती हातात रबरी मोजे घालून, कारण एड्स स्पर्शाने होतो ही भीती. त्या रात्री लिली मंचावर होती. ते मोजे इथले जुने लोक अजून विसरलेले नाहीत.

संध्याकाळी कार्यक्रम पाहिला. साठीच्या पुढची एक कलाकार, चमचमता झगा, आवाज थोडा फुटलेला आणि वेळेची जाण अचूक. प्रेक्षकांतल्या एकाने मध्येच टोमणा मारला, तिने तो झेलून दुप्पट परत केला आणि लगेच एक संथ गाणं असं गायली की पब गप्प. बालगंधर्वांचे शालू आणि वन्समोर ऐकत मोठ्या झालेल्या घरातून मी आले आहे. पुरुषाने स्त्रीचं रूप घेणं ही आमच्या रंगभूमीची एके काळची शानच होती. त्यामुळे तिथे मला परकं काहीच वाटलं नाही. फक्त इथे प्रेक्षक आणि कलाकार एकमेकांचे राखणदार होते, हे वेगळं.

शेजारच्या टेबलावर सत्तरीतले एक गृहस्थ एकटे बसले होते. गप्पा सुरू झाल्या. हेवन उघडलं त्या हिवाळ्यात ते पहिल्यांदा तिथे गेले होते, टपाल खात्यात नोकरीला होते. पुढच्या वर्षांबद्दल विचारलं तर ग्लासकडे पाहत म्हणाले, एखादा ओळखीचा दोन शनिवार दिसला नाही की तो कुठे आहे हे विचारायची भीती वाटायची. तरीही नाचायला जायचात? "त्यासाठीच तर जायचो. कोण आहे ते बघायला." त्यांचा जोडीदार १९९१ मध्ये गेला. मी काही बोलले नाही. त्यांनीच माझ्यापुढे शेंगदाण्यांची वाटी सरकवली.

२०१५ मध्ये या पबला सरकारी वारसा इमारतीचा दर्जा मिळाला. एलजीबीटी इतिहासातल्या महत्त्वामुळे असा दर्जा मिळालेली ब्रिटनमधली ही पहिली इमारत. ती विकासकाच्या हाती गेल्यावर इथे येणाऱ्यांनीच कागद जमवले, इतिहास लिहून काढला, अर्ज केला. नशिबाने टिकली नाही, लिहिल्यामुळे टिकली.

सोमवार : बिशप्सगेट

शेवटचा दिवस बिशप्सगेट इन्स्टिट्यूटमध्ये गेला. लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनाजवळ १८९५ ची देखणी इमारत, कुणालाही मोफत वापरता येणारं ग्रंथालय, आणि तळाशी एलजीबीटी इतिहासाचा प्रचंड संग्रह : पत्रकं, बिल्ले, टी-शर्ट, हजारो कात्रणं. १९७४ मध्ये सुरू झालेल्या 'स्विचबोर्ड' या मदतीच्या फोनसेवेच्या नोंदवह्याही इथेच आहेत. काय पाहायचं ते आधी कळवून वेळ ठरवा, पेन बाहेर ठेवा, पेन्सिल न्या.

मी ऐंशीच्या दशकातली कात्रणं मागवली. मोठ्या खपाची वर्तमानपत्रं 'गे प्लेग' असे मथळे देत होती. त्याच महिन्यांतल्या गे नियतकालिकांत आजाराच्या लक्षणांची माहिती, त्याखाली क्लबांच्या जाहिराती. एका पानावरच्या जागांची नावं वहीत उतरवून भाच्याला दाखवली. त्यातलं आज चालू असलेलं त्याला फक्त हेवन सापडलं.

रात्री जेवताना वाद झाला. माझं म्हणणं, हेवनलाही वारसा दर्जा मिळावा. भाच्याचा जोडीदार म्हणाला, दर्जा विटांना मिळतो, आत काय चालावं ते भाडं ठरवतं. २०१९ मध्ये रेल्वेने आपल्या ५,००० हून अधिक कमानी आणि जागा १.४६ अब्ज पौंडांना एका खाजगी कंपनीला विकल्या, हेवनचा घरमालकही आता तीच. त्याने दुसरं उदाहरण दिलं : पूर्व लंडनमधला 'जॉइनर्स आर्म्स' २०१५ मध्ये बंद पडला, पण तिथल्या लोकांच्या रेट्यामुळे नगर परिषदेने २०१७ मध्ये नव्या बांधकामाला परवानगी देताना तिथे एलजीबीटी जागा ठेवायची अट घातली. अशा अटी हव्यात, नुसत्या पाट्या नकोत. मला ते पटलं. पण अट घालायला आधी पुरावा लागतो, आणि पुरावा माणसांच्या तोंडी आहे, हे माझं म्हणणं मी सोडलं नाही.

मग भाच्याने व्हॉक्सहॉलच्या त्या गृहस्थांना फोन लावला. पुढच्या रविवारी दुपारी, पबमध्ये गर्दी व्हायच्या आत, तो रेकॉर्डर घेऊन जाणार आहे. जुने फोटो कपाटाच्या वरच्या खणात आहेत, ते काढायला कुणीतरी उंच माणूस लागेल, असं त्यांनी सांगितलं. जोडीदार सहा फूट आहे, तो आदल्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन येणार आहे.